टीव्हीवर म्हणतात महागाई पाव टक्का, मग नारळ एवढा महाग का? सोप्या शब्दांत सांगायचंय, मदत करा

खळ्यातली
नमस्कार मंडळी. दापोलीजवळच्या गावात आमचा ११ जणींचा बचत गट आहे. ओल्या नारळाच्या वड्या, कोकम आगळ, कुळथाचं पीठ, मे महिन्यात आंबापोळी, असं करून विकतो. परवाच्या बैठकीत वड्यांचा भाव वाढवायचा विषय निघाला. पाव किलोचं पाकीट गेल्या वर्षी ८० ला देत होतो, आता १०० शिवाय परवडत नाही. तर आमच्यातल्या एक काकी म्हणाल्या, "अगो, टीव्हीवर सांगतायत महागाई पाव टक्क्यावर आली, एवढी कमी आजवर कधी नव्हती. मग आपण भाव वाढवले तर गिऱ्हाईक काय म्हणेल? लुटतात म्हणेल." लगेच दुसरी म्हणाली टीव्हीवाले खोटं बोलतात. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण मी गटाची सचिव आणि बीकॉम झालेली. मला नीट सांगताच आलं नाही, ते फार लागलं मनाला.

मंगळवारी परत बैठक आहे. महागाई का वाढते आणि "कमी झाली" म्हणजे नक्की काय झालं, हे सातवीपर्यंत शिकलेल्या बाईला पटेल असं सांगा. पुस्तकी नको, आपल्या रोजच्यातली उदाहरणं द्या.

घाटवाट
ताई, मी कोल्हापूर-रत्नागिरी भाजीची गाडी चालवतो म्हणून गाडीचंच सांगतो. आंबा घाट चढताना गाडी ४० च्या स्पीडने चाललीय आणि वळणावर १० वर आली, तर गाडी खाली उतरली का? नाही ना, चढतेच आहे, फक्त हळू. महागाईचा दर म्हणजे तो स्पीड आणि भाव म्हणजे तुम्ही घाटात किती उंचावर आहात ते. टीव्हीवाले स्पीड सांगतात आणि आपण खिडकीतून दरी बघतो, म्हणून दोघांचं जमत नाही.

निवृत्त_पासबुक
घाटवाट, पस्तीस वर्षं बँकेत काढली पण इतकं स्वच्छ मला सांगता आलं नसतं. फक्त थोडी भर घालतो.

टीव्हीवाले खोटं बोलत नाहीयेत. ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्के आहे आणि २०१२ हा पाया धरून जी मालिका चालू होती तिच्यातला तो सगळ्यात कमी आकडा आहे. पण हा दर काढतात तो मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून. ऑक्टोबर २०२४ ला दर होता ६.२१ टक्के, तेव्हा टोमॅटो, कांदे, बटाटे सगळंच कडाडलेलं होतं. मागच्या वर्षी भाव आधीच उंच चढून बसलेला असला की यंदा त्याच्याशी मोजताना वाढ थोडीच दिसते. म्हणजे २०२३ ला १०० ची असलेली पिशवी २०२४ ला १०६ ची झाली आणि २०२५ लाही साधारण १०६ चीच राहिली. दर शून्याच्या जवळ, पण १०० ची पिशवी काही परत आली नाही.

दुसरं म्हणजे हा आकडा एका वस्तूचा नसतो, सगळ्या देशाच्या टोपलीचा, म्हणजे घरोघरी लागणाऱ्या वस्तूंच्या यादीचा असतो. त्या टोपलीत खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के, त्यात नुसत्या भाज्या ६ टक्के. २०२५ ला भाज्या आणि डाळी आदल्या वर्षीपेक्षा बऱ्याच उतरल्या, त्यांनी अख्खा आकडा खाली ओढला. नारळ आणि तेलं मात्र वर गेली. ऑक्टोबरमध्येच केरळचा दर साडेआठ टक्क्यांच्या आसपास होता, देशाचा पाव आणि त्यांचा साडेआठ! खोबरेल आणि सोनं ही त्यातली मोठी कारणं. तुमचा गट नारळावर चालतो, म्हणजे तुमची टोपली केरळच्या टोपलीच्या जवळची आहे. काकींना हे सांगा.

रेवदंड्याची_सून
वाचतेय. केरळचं माहीतच नव्हतं.

माड_आणि_मी
नारळाचं मी सांगतो, आमची दिवेआगरकडे वाडी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच गेलं. सकाळी वाडीत माड आणि सुपारी मोजून होती, संध्याकाळी आडवे खोड मोजत बसलो होतो. वडील तीन दिवस वाडीत पाऊल टाकत नव्हते, पडवीत बसून नुसते बघत राहायचे. सांगायचा मुद्दा असा की माड आज लावला तर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. आम्ही २०२१ ला लावलेले अजून धरायचेत. म्हणजे २०२० च्या एका दिवसाची टंचाई आमच्याकडे अजून चालू आहे.

अर्थात देशातला नारळाचा भाव आमच्या वाडीवर ठरत नाही, केरळ, तमिळनाडू, कर्नाटकात काय होतं त्यावर ठरतो. तिकडे उष्णता, पांढरी माशी, मूळकुजीसारखे रोग, त्यामुळे उत्पादन घटलं. शहाळी खूप तोडली जातात, ती तोडली की तेवढे नारळ तयार होत नाहीत. आणि आपल्याकडे माकडं आहेतच. शिवाय माडावर चढणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर झाडामागे जे मागेल ते द्यावं लागतं. भाव वाढल्यावर आम्ही लगेच जास्त नारळ पिकवू शकत नाही. कोथिंबीर महागली तर शेतकरी दीड महिन्यात बाजारात आणतो, माडाला तसं सांगता येत नाही. म्हणून टोमॅटो चढतो आणि पडतो, नारळ चढला की बराच काळ वरच राहतो.

साधा_प्रश्न
सगळं ठीक आहे पण मला स्पष्ट बोलायचंय. हवामान, रोग, वादळ ही सगळी कारणं खरी असतील, पण मधले व्यापारी साठे करून भाव चढवतात हे कोणीच का बोलत नाही? २०२२ ला युद्ध सुरू झालं युक्रेनमध्ये आणि आमच्या बाजारात दुसऱ्याच दिवशी तेल महाग! दुकानात जुना माल असताना! ही लूट नाही तर काय?

वाणसामान
मी चिपळूणला किराणा दुकान चालवतो, वडिलांपासूनचं. साधा_प्रश्न, तुमचा राग मला समजतो कारण तो रोज माझ्या काउंटरवर येतो. तेव्हाचं सांगतो. सूर्यफुलाचं तेल आपल्याकडे मुख्यतः युक्रेन आणि रशियाकडून यायचं. फेब्रुवारी २०२२ ला युद्ध लागलं, ती वाट अडली. लोक पामतेलाकडे वळले, तर २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती उठली २३ मे ला. आपला देश खायच्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. १५ लिटरचा डबा दर आठवड्याला वर जात होता.

आता जुना माल. माझ्याकडे समजा जुन्या भावाचे १० डबे आहेत. ते जुन्या भावात विकले तर हातात जे पैसे येतील त्यात नव्या भावाचे ८ डबेच येतात. तीनदा असं झालं की दुकान निम्मं. म्हणून दुकानदार कालच्या खरेदीवर नाही, उद्याच्या खरेदीवर भाव लावतो. तुमचं एक म्हणणं मात्र मान्य, भाव उतरताना हीच घाई दिसत नाही. चढताना दुसऱ्या दिवशी, उतरताना महिनाभर. मी स्वतः ते पाळायचा प्रयत्न करतो, सगळे करतात असं म्हणणार नाही.

आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात आमचं दुकान छपरापर्यंत पाण्यात होतं. नंतर मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या काही लोकांनी तिप्पट भावाला विकल्या. ती लूटच, तिला मी दुसरं नाव देणार नाही. पण पूर ओसरल्यावर ते भाव पण गेले. साठेबाजीने भाव उसळतो, वर्षानुवर्षं वर राहायला मात्र दुसरं काहीतरी कारण लागतं.

साधा_प्रश्न
उतरतानाचं मान्य केलंत, धन्यवाद. बाकीचं पटायला वेळ लागेल पण ८ डब्यांचा हिशोब कळला.

दर्याकाठी
साधा_प्रश्न, आमच्या धंद्यात उलटं आहे बघा. आम्ही हर्णैचे, मासळी लिलावात जाते. डिझेल महाग, बर्फ महाग, जाळी महाग, खलाशी नेपाळहून आणायचे त्यांचा पगार आणि आगाऊ रक्कम, बोटीवरचं रेशन. एका फेरीत डिझेलच निम्म्याहून जास्त खातं. मार्च २०२२ ला घाऊक ग्राहकांसाठी डिझेल लिटरमागे एकदम २५ रुपयांनी वाढवलं, त्यात आमच्या सोसायट्यांचे पंप धरले गेले. पंपावर मोटारवाल्याला स्वस्त आणि मच्छीमाराला महाग! बोटी किनाऱ्याला उभ्या ठेवायची पाळी आली.

पण किनाऱ्यावर टोपली ठेवली की भाव मी ठरवत नाही. त्या दिवशी सगळ्यांना बांगडा लागला तर बांगडा मातीमोल, डिझेल कितीही असो. सुरमई एकट्याला लागली आणि मे महिन्याचे पर्यटक आलेले असले तर हॉटेलवाले एकमेकांवर चढाओढ करून बोली लावतात. म्हणजे खर्च वाढला म्हणून भाव वाढतो हे खरं, पण ज्याच्या हातात भाव ठरवायचं आहे त्याच्यापुरतंच. आमच्यासारख्याचा खर्च वाढतो तेव्हा तो आमच्याच घरातून जातो. आणि १ जून ते ३१ जुलै बंदीत मासळी महागते तो भाव आम्हाला मिळतच नाही, आमच्या बोटी वर ओढलेल्या असतात.

काजूगर
दर्याकाठी, अगदी हेच लिहायला आलो होतो. सिंधुदुर्गात काजू बीचा भाव बघा. खत, मजुरी, फवारणी सगळं वाढलं आणि बी किलोला २०० मिळावी म्हणून आम्ही किती वर्षं ओरडतोय. कारण आफ्रिकेतनं बी येते, आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया. तिकडची स्वस्त बी कारखान्यांना मिळते, मग आमच्याकडे कोण बघतो. दुकानात काजूगर मात्र स्वस्त होत नाही. म्हणजे महागाई सगळ्यांना सारखी चावत नाही हे पण त्या काकींना सांगा.

आंबोळी
माका ह्या टक्क्यांचा काय कळणा नाय, पण एक सांगतंय. कुडाळात हॉटेलात गेलंव तर सोलकढीचो पेलो गेल्या वर्सा २० रुपयाक, औंदा पण २० रुपयाकच. खूश झालंय. पण सोलकढी इतकी पातळ की पेल्यातसून पलीकडचो माणूस दिसता. ही पण म्हागाईच मां?

वाणसामान
आंबोळी, हीच खरी छुपी महागाई! पाच रुपयांचा बिस्किटपुडा दहा वर्षांपूर्वी पण पाचच होता, फक्त आतली बिस्किटं कमी झाली. पाच रुपये हा आकडा गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेला असतो, म्हणून कंपनी आकड्याला हात न लावता वजनाला लावते. तुमच्या हॉटेलवाल्याने नारळाला लावला. सरकारी आकडा काढताना वजनाचा हिशोब धरतात, आपण घरी धरत नाही.

आंबोळी
मगे माझ्या आवशीची सोलकढी बरी. ती नारळ कमी करूचा नाव घेणा नाय, माणसा कमी बोलावता.

रेवदंड्याची_सून
हाहाहा आंबोळी 😄
अवांतर, नारळ कमी असेल तर थोडं ताक घालून कढी दाट होते, चव वेगळी लागते पण वाईट नाही.

आंबोळी
ताक घातल्यार ती सोलकढी नाय हो, माफ करा.

जयगडकर_०७
सगळे वस्तूंचं बोलताय, पैशाचं कोणीच बोलत नाही. सरकारं नोटा छापतात म्हणून महागाई होते असं मी वाचलंय. मग छापतातच कशाला?

निवृत्त_पासबुक
जयगडकर, चांगला प्रश्न. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांचं आठवा. मुंबईहून येणाऱ्या खाजगी बसेस तेवढ्याच, सीटा तेवढ्याच, आणि बोनस हातात असलेले चाकरमानी हजारोंनी. तिकीट दुप्पट होतं. बस काही दुप्पट चांगली झालेली नसते, तेवढ्याच सीटांमागे जास्त पैसे धावत असतात. आता अख्ख्या देशात असंच झालं, वस्तू तेवढ्याच आणि लोकांच्या हातात एकदम जास्त पैसा, तर सगळ्याच वस्तूंचं गणपतीचं तिकीट होतं. झिम्बाब्वेत इतकं टोकाला गेलं की २००९ ला त्यांनी १०० लाख कोटी डॉलरची एक नोट काढली होती, आणि शेवटी आपलं चलनच सोडून दिलं. कोरोनात मोठमोठ्या देशांनी लोकांना तगवायला पैसा ओतला, त्याच वेळी कारखाने आणि बंदरं अडकलेली. जून २०२२ ला अमेरिकेत ९.१ टक्के झाली, चाळीस वर्षांत नव्हती एवढी. पैसा ओतला नसता तर उपासमार झाली असती हेही खरं, म्हणून "छापतातच कशाला" याला सरळ उत्तर नाही.

हे आवरायला आपल्याकडे रिझर्व्ह बँक आहे. २०१६ पासून तिला कायद्याने काम दिलंय की महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवा, २ च्या खाली नको आणि ६ च्या वर नको. ती व्याज वाढवते, कर्ज महाग होतं, लोक खर्च पुढे ढकलतात, मागणी थंडावते. मे २०२२ ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, ४ टक्के होता तो फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर नेला. २०२५ ला महागाई उतरली तसा जूनपर्यंत साडेपाचवर आणला.

चिरेबंदी
त्या साडेसहाचा मार मी खाल्लाय. लांज्याला घर बांधायला काढलं २०२१ च्या शेवटी, कर्ज बदलत्या व्याजाचं. जोत्यापर्यंत आलो आणि व्याज वाढायला लागलं. हप्ता तोच ठेवला पण बँकेने मुदत लांबवली, १५ वर्षांचं कर्ज १९ वर गेलं, आणि मला ते पत्र वाचल्यावर कळलं. इकडे चिरा महाग, वाळू महाग, गवंडी मिळेना. महागाई पण मी सोसायची आणि तिच्यावरचं औषध पण मीच प्यायचं, असं झालं. आणि माझ्या हप्त्याने नारळ कसा काय स्वस्त होणार होता?

निवृत्त_पासबुक
चिरेबंदी, तुमचं दुखणं खरं आहे. व्याज वाढवून माडाला नारळ लागत नाहीत. मागणीमुळे चढलेल्या महागाईवर व्याजाचं औषध चांगलं चालतं, टंचाईवर फारसं नाही. मग वाढवतात का? तर टंचाईची महागाई पसरू नये म्हणून. तेल चढलं की हॉटेल चढतं, हॉटेल चढलं की कामगार पगार मागतो, आणि एकदा सगळ्यांनी "पुढच्या वर्षी अजून चढणारच" असं धरून आजच भाव लावायला सुरुवात केली की कारण संपलं तरी महागाई चालूच राहते.

घाटवाट
वाहतुकीचं राहिलं. कोकणात भात पिकतो, आंबा, काजू पिकतो, पण रोजची भाजी घाटावरून येते. म्हणजे आमच्या भेंडीत डिझेल पण शिजतं. देशाला लागणारं कच्चं तेल ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं आणि ते डॉलरमध्ये घ्यावं लागतं. २०१४ ला डॉलर ६० च्या आसपास होता, २०२२ ला ८० ओलांडून गेला. तिकडे तेलाचा भाव तोच राहिला तरी आपल्याला जास्त रुपये मोजावे लागतात. त्यावर केंद्राचा कर, राज्याचा कर. आणि घाट बंद पडला की वेगळंच. जुलै २०२१ ला आंबा घाटात दरड आली तेव्हा लांबचा फेरा मारून यायचो, अर्धा दिवस जास्त, पालेभाजी वाटेतच पिवळी. शंभर जुड्या भरल्या तर साठ विकण्यासारख्या उरायच्या, मग त्या साठांवर शंभरांचे पैसे काढायचे. गिऱ्हाईक म्हणायचं मेथी महाग केलीस. महाग मी नाही केली, चाळीस जुड्या तिथे रस्त्याकडेला पडल्या होत्या.

सुपारीबाग
एसटीचं पण लिहा कोणीतरी, जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली. माझी आई आठवड्याला दवाखान्यात एसटीने जाते.

जयगडकर_०७
सप्टेंबर २०२५ ला जीएसटी कमी केला त्याने पण आकडा उतरला असेल ना?

निवृत्त_पासबुक
हो. २२ सप्टेंबरपासून साबण, बिस्किटं १८ वरून ५ वर, तूप १२ वरून ५ वर. पण कर एकदा कमी केला की भाव एकदा उतरतो, दर महिन्याला नाही उतरत.

खळ्यातली
मंडळी, किती आणि काय काय लिहिलंत! सगळं वहीत उतरवून घेतलंय. आज दुपारी वड्यांचा हिशोब पण मांडला. किलोभर वड्यांना आम्हाला ५ नारळ लागतात. गेल्या वर्षी गावातच २० ला मिळत होता, यंदा ३५. म्हणजे किलोमागे ७५ रुपये नुसते नारळाचे वाढले, पाव किलोच्या पाकिटाला १९. साखर, दूध, गॅस थोडं इकडे तिकडे. ८० चे १०० का झाले ते इथेच दिसतंय. मंगळवारी घाट सांगते, आठ डबे सांगते, आणि माड लावल्यापासूनची सहा-सात वर्षं सांगते. रेपो मात्र नाही सांगणार.

निवृत्त_पासबुक
रेपो नका सांगू, बरोबर आहे. हा हिशोब सगळ्यात चांगला.

खळ्यातली
बैठक झाली, सांगायला आलेय. घाटाचं लगेच पटलं, कारण परवाच सगळ्या नरसोबाच्या वाडीला जाऊन आल्या होत्या. एकीने विचारलं मग गाडी खाली कधी उतरणार. म्हटलं सगळेच भाव एकदम खाली यायला लागले तर धंदे बसतात, ते पण चांगलं नाही, हळूहळू चढणं आणि आपली कमाई त्याच्याबरोबर चढणं एवढं झालं तरी बास.

वहीतला हिशोब सगळ्यांच्या हातातून फिरला. शेवटी काकींकडे गेला. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली, नारळ, साखर, दूध, गॅस, पाकीट. मजुरीच्या ओळीवर थांबल्या. म्हणाल्या, "ही ओळ दोन्ही वर्षांना सारखीच आहे गो. किलोमागे ४० च." खरंच तशीच होती. मीच लिहिलेली आणि माझ्याच लक्षात आलं नव्हतं. भाव वाढवला तर गिऱ्हाईक काय म्हणेल म्हणणाऱ्या काकीच मग म्हणाल्या, "१०० नको, १०४ कर."

सुट्ट्या पैशांचा घोळ होईल म्हणून १०५ ठरलं. पहिली २० पाकिटं उद्या दापोलीला जातायत.